पंडिता रमाबाई आणि वाईट दिवसांची बेगमी

वैशाखाचे ऊन कडक आहे तोवर आपल्या खेड्यापाड्यांत घरोघरी एकच गडबड चाललेली असते. बायामाणसे अंगणात धान्य वाळवितात, कणग्या शेणामातीने सारवून घेतात, तुरीची डाळ करून ठेवितात, मिठाची बरणी भरतात, सरपण व शेणी माळ्यावर चढवितात. मृगाचा पाऊस एकदा सुरू झाला की वाट बंद होईल, ओढा अडवील, मजुरी थांबेल, हे सर्वांस ठाऊक असते. या तयारीस आपल्या भाषेत बेगमी असे म्हणतात. या बेगमीविषयी आम्ही आज लिहिण्याचे योजिले आहे, आणि तेही एका थोर बाईच्या चरित्राच्या द्वारे. परंतु त्याआधी आमची स्वतःची एक चूक वाचकांपुढे मांडणे आम्हांस योग्य वाटते.

सन २०२० च्या मार्च महिन्यात आम्ही मुंबईच्या उपनगरात मुलुंड येथे राहत होतो. महामारीमुळे सर्व देश बंद होणार अशी कुणकुण लागताच वाण्यांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. आम्हीही त्या रांगेत उभे राहिलो, आणि घरात माणसे चार असता तांदळाची दोन मोठी पोती, डाळ, तेल व साखर आणून खाटेखाली रचून ठेविली. आमच्या मागे उभ्या असलेल्या कित्येकांस त्या दिवशी रिकाम्या हाताने परतावे लागले. त्याच चाळीत खालच्या खोलीत धुणीभांडी करून पोट भरणारी एक विधवा राहत होती. तिची कामे एका रात्रीत बंद झाली होती. तिचे शिधापत्रक गावी होते, आणि हातात पैसा नव्हता. तिने मागितले नाही व आम्ही विचारले नाही. पुढे काही आठवड्यांनी शेजारच्या एका रिक्षावाल्याने तिला स्वतःच्या डब्यातले पीठ अर्धे करून दिले, तेव्हा ती गोष्ट आमच्या कानी आली. पावसाळ्यात खाटेखालचे दुसरे पोते उघडले, तो तांदळात किडे व जाळ्या झालेल्या होत्या. निम्मा तांदूळ टाकावा लागला. तो टाकताना आम्हांस जी लाज वाटली ती अद्याप गेलेली नाही.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. एका खेड्यातील उपदेशकानेही तोच आम्हांस विचारला. वाईट दिवसांसाठी साठा करणे हा अविश्वास होय काय? आणि न करणे हा विश्वास होय, की निव्वळ हयगय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात जितके स्पष्ट दिसले तितके दुसऱ्या कोणत्याही महाराष्ट्रीय व्यक्तीच्या आयुष्यात दिसले नाही. कारण या बाईंनी दुष्काळ दोन्ही अंगांनी पाहिला. प्रथम रिकाम्या घरात बसून, व मग भरल्या कोठीच्या दारात उभे राहून.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. बायकांनी संस्कृत शिकू नये असे लोक म्हणत असता त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती भाषा शिकविली, व त्याकरिता लोकांचा रोष सोसला. रानातील त्यांच्या आश्रमी विद्यार्थी राहत, यात्रेकरू उतरत, आणि आल्यागेल्यास जेवू घालण्यात शास्त्रीबोवा कधी हात आखडता घेत नसत. या आदरातिथ्यापायी जमीनजुमला गेला, कर्ज झाले, आणि रमा अगदी लहान असतानाच सर्व कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेस निघाले. पुढील कित्येक वर्षे ते एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्रास जात राहिले. देवळात पुराण सांगावे आणि श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता. चालता चालता आईने रमेस शिकविले. पंधरा वर्षांच्या आत त्या मुलीस हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

वाचकहो, येथे थोडे थांबून पाहावे. या घरात विद्या अपार होती, आणि धर्मनिष्ठाही अपार होती. पण संकटकाळासाठी म्हणून राखलेले शेत नव्हते, कणगी नव्हती, आणि हातास येणारे कोणतेही काम नव्हते. मुलांस व्यवहाराचे शिक्षण द्यावे, एखादा धंदा शिकवावा, हे त्या घराच्या रीतीस मान्य नव्हते. मजुरी करणे किंवा भीक मागणे ही दोन्ही कमीपणाची मानली जात होती. चांगले दिवस होते तोवर यात काही उणे दिसले नाही.

मग दुष्काळ आला. १८७४ पासून मद्रास इलाख्यात अन्नाची टंचाई भासू लागली, आणि १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत जो महादुष्काळ पडला त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. त्या टंचाईच्या आरंभीच डोंगरे कुटुंब त्या मुलखात सापडले. शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते व त्यांची दृष्टी गेली होती. जवळचे पैसे संपले, तेव्हा दागिने विकले, मग भांडी विकली. जे आले त्यातील पुष्कळ भाग दानधर्म, अनुष्ठाने व व्रते यांत खर्च झाला, कारण देव प्रसन्न झाला म्हणजे संकट टळेल अशी त्यांची श्रद्धा होती. अखेर तांदळाचा शेवटचा दाणा संपण्याचा दिवस उजाडला. तेव्हा ही माणसे गावात हात पसरण्यापेक्षा रानात जाऊन मरावे म्हणून निघाली. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला व मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध शास्त्रीबोवांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. त्या वेळी थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला, व जातीचा अभिमान बाजूस ठेवून आपण मजुरी करू पण वडिलांस मरू देणार नाही, असे त्याने ठरविले. पण उशीर झाला होता. वडील तापाने गेले. काही दिवसांत आई गेली. पुढे थोरली बहीण कृष्णाबाई हीही गेली. रमा तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती.

त्यानंतर ही बहीणभावंडे दोघेच उरली आणि पायी चालत राहिली. सुमारे चार हजार मैल ती चालली असे बाईंनी पुढे लिहून ठेविले आहे. अंगावर पुरेसे वस्त्र नसे. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीची रात्र काढण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत गळ्यापर्यंत स्वतःस पुरून घेतले, आणि डोके तेवढे बाहेर ठेविले. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांस २०२० सालच्या मे महिन्यातील मुलुंडचा टोलनाका आठवला. तेथून ठाण्याकडे व पुढे नाशिकच्या रस्त्याने डोक्यावर बोचके व कडेवर मूल घेऊन चालत जाणारे मजूर आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. दुकानात धान्य होते. त्यांच्या हातात दाम नव्हते. १८७६ च्या दुष्काळातही पुष्कळ ठिकाणी असेच झाले. बाजारात धान्य दिसे, पण भाव चढलेले व मजुरी बंद, म्हणून गरीब ते घेऊ शकत नसे. उपासमार ही पुष्कळदा अशीच येते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमेची परीक्षा घेतली व तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने मरण पावले. तेविसाव्या वर्षी बाई विधवा झाल्या. पुढे त्या पुण्यास आल्या, तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या समारंभास त्या अमेरिकेस गेल्या, आणि हिंदी विधवांची स्थिती त्या देशातील लोकांपुढे मांडून त्यांनी मदत मिळविली. बॉस्टन येथे एक मंडळी स्थापन झाली व तिने दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्धीस आलेल्या गोदूबाई या तेथील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी होत. १८९० च्या अखेरीस ही शाळा पुण्यास नेली. मुंबईहून पुण्यास जाणारा लोहमार्ग आमच्या मुलुंडवरूनच जातो. तोच मार्ग पुढे घाट चढून, पुणे ओलांडून सोलापूरकडे वळतो, आणि त्याच मार्गावर केडगाव आहे. आता आपली कथा तेथे जावयाची आहे.

दहा वर्षांचे वचन म्हणजे १८९८ साली संपणारे वचन, हे बाई विसरल्या नाहीत. परदेशातून येणारा पैसा हा पावसासारखा आहे, आज पडतो, उद्या न पडेल. म्हणून त्यांनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. ती उजाड माळरान होती. तेथे विहिरी खणाव्या, फळझाडे लावावी, आणि त्या बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा त्यांचा बेत होता. त्या वेळी दुष्काळ आला नव्हता. ज्या घराने शेवटचा दाणा संपेपर्यंत उद्याचा विचार केला नव्हता, त्या घरातील मुलीने हा विचार आधी केला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आणि बेगमी करिताना तिने प्रथम पाण्याकडे पाहिले हेही ध्यानात घ्यावे. कणगी एका वर्षाची असते. विहीर पुढच्या पिढीसही पुरते.

१८९६ साली पाऊस दगा देऊन गेला, व मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ही वार्ता कानी पडताच बाईंस आपले अकरा दिवस आठवले. आपल्याजवळ पैसा किती, जागा किती, याचा हिशेब करता मुलींस आणणे अशक्य दिसत होते. तथापि त्या गेल्या. सरकारने दुष्काळी कामे काढली होती, अनाथांसाठी अन्नगृहे उघडली होती. पण तेथे पोरक्या मुलींची काय दशा होते व कसली माणसे त्यांस पळवावयास टपलेली असतात, हे बाईंनी स्वतः पाहिले. त्यांनी सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा गोळा करून आणिल्या.

इतक्यात पुण्यात ग्रंथिज्वराची साथ सुरू झाली. गावात इतक्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई झाली. आता त्यांस न्यावे कोठे? केडगावचा माळ होता. बागेसाठी घेतलेली जमीन मुलींच्या आश्रयाची जागा झाली. प्रथम राहुट्या व झापांच्या पडव्या, मग पक्की घरे, असे करीत १८९८ साली मुक्ती सदन उभे राहिले. वाईट दिवसांसाठी ठेविलेली वस्तू ज्या हेतूने ठेविली त्याच हेतूने नेहमी उपयोगी पडते असे नाही. पण ती जवळ असली म्हणजे दार उघडता येते.

आणिलेल्या मुली कशा होत्या? हाडांचा सापळा, अंगावर फोड, डोक्यात उवा. उपासाने खंगलेल्या देहास एकदम पोटभर अन्नही सोसत नाही. पेजेपासून हळूहळू आरंभ करावा लागतो. अन्न मिळूनही कित्येक मुली वाचल्या नाहीत. जे बाईंनी सोळाव्या वर्षी आपल्या आईबापांत पाहिले तेच आता शेकडो लेकरांत पाहिले.

दोन वर्षांत याहून मोठे संकट आले. १८९९ साली पुन्हा पाऊस नाही. गुजरात, काठेवाड व राजपुताना होरपळून निघाले, आणि लोक त्यास अद्याप छपन्नाचा काळ म्हणतात, कारण ते विक्रम संवत १९५६ होते. मुक्ती सदनाच्या बायकांनी गुजरातेत जाऊन तेथून मुली आणिल्या. १९०० साली केडगावी राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. केडगावासही पावसाने दगा दिला होता, विहिरींचे पाणी खोल गेले होते. इतक्या माणसांचे पिणे, रांधणे व धुणे त्याच विहिरींवर चालवावयाचे होते. बाई व त्यांच्या सोबतिणी यांनी त्या दिवसांत प्रार्थना केली, आणि त्याबरोबर पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेबही ठेविला. यांपैकी एक केले म्हणून दुसरे त्यांनी सोडले नाही. आमच्या उपदेशक बंधूच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे सापडते.

आणखी एक बेगमी मुक्ती सदनात होत होती, आणि ती आमच्या मते सर्वांत मोलाची. प्रत्येक मुलीच्या हातास काही तरी काम शिकविले जाई. कोणी मागावर विणी, कोणी शिवी, कोणी शेतात व दुभत्यात राबे, कोणी धुलाई करी, कोणी तेलाच्या घाण्यावर असे, कोणी छापखान्यात खिळे जुळवी. मनोरमाबाईंनी आंधळ्या मुलींस ब्रेल लिपी शिकविली. स्वतः पंडिता असलेल्या बाईंनी मुलींच्या हातांकडे इतके लक्ष का दिले? आपल्या आईबापांचा अंत त्यांच्या डोळ्यांपुढे होता, असे आम्हांस वाटते. त्या घरात श्लोक पुष्कळ होते, पण मजुरी करून चार पैसे आणण्याचा विचार सुचला तो जलसमाधीच्या काठावर. पोत्यातला तांदूळ किडतो, चोरीस जातो, पुरात भिजतो. हाताची विद्या माणूस रानात गेला तरी त्याच्याबरोबर जाते.

त्याच छापखान्यात बाईंचे शेवटचे मोठे काम झाले. खेड्यातील साध्या बाईस समजेल अशा मराठीत बायबल असावे म्हणून त्या उतारवयात इब्री व ग्रीक शिकल्या, आणि मूळ भाषांवरून भाषांतर करू लागल्या. दुष्काळातून आलेल्या मुलींनी त्याचे खिळे जुळविले. १९१९ साली सरकारने बाईंस कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. आईबाप, बहीण, भाऊ व पती यांच्यामागे आता एकुलती एक लेकही गेली. बाईंनी भाषांतर पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या देवाघरी गेल्या. संपूर्ण बायबल त्यांच्यामागे १९२४ साली प्रसिद्ध झाले. केडगावची ती संस्था आजही चालू आहे.

आता आपल्या घराकडे वळू. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठविले, ही कथा आपल्या मुलांस पाठ असते. रानात रोजच्यापेक्षा जास्त मान्ना उचलून ठेविणाऱ्यांच्या भांड्यात किडे पडले, हीही पाठ असते. एकाच पवित्र शास्त्रात या दोन्ही कथा कशा, असे आम्हांस पूर्वी कोडे वाटे. मुलुंडच्या खाटेखालचे पोते उघडल्यापासून ते कोडे उरले नाही. योसेफाचे कोठार उघडण्यासाठी भरले होते. आमचे पोते झाकण्यासाठी भरले होते.

तेव्हा बंधुभगिनींनो, बेगमी अवश्य करा. शक्य असेल त्याने महिना दोन महिन्यांचे धान्य, मीठ, काडेपेटी, दिव्याचे तेल व नेहमीचे औषध घरात असू द्यावे. धान्य कडक उन्हात वाळवावे, थंड झाल्यावर भरावे, मध्ये कडुलिंबाचा सुकलेला पाला घालावा. जुने आधी काढावे, नवे मागे ठेवावे, म्हणजे काही किडत नाही. पाणी साठविण्याची सोय धान्याइतकीच पाहावी. दर आल्यावर सर्व गाव बाजारावर तुटून पडतो, तेव्हा घेऊ नये. सुगीत स्वस्त असता थोडे थोडे घ्यावे, म्हणजे मागच्याच्या तोंडचा घास जात नाही. मुलास व मुलीस काही तरी हाताचे काम शिकवावे. आणि ज्याच्या घरी साठविण्याजोगे काहीच नाही, त्यास साठवा असे सांगणे ही थट्टा होय, हे उपदेशकांनी विसरू नये. त्याची बेगमी मंडळीने करावयाची आहे.

पुष्कळ मंडळ्यांत बायका रोज रांधताना मूठभर धान्य बाजूस काढतात व रविवारी मंदिरात आणितात. ही रीत जेथे मोडली असेल तेथे ती पुन्हा सुरू करावी, आणि त्यातील एक हिस्सा मंडळीच्या डब्यात राखावा. त्या डब्याची किल्ली एखाद्या समजूतदार विधवेकडे द्यावी. कोणत्या घरची चूल पेटली नाही हे तिला कोणी सांगावे लागत नाही.

मुलुंडला आमच्या खाटेखाली आता एकच लहान पिंप आहे. ते पावसाळ्याआधी भरले जाते आणि दिवाळीपर्यंत रिकामे होते. खालच्या खोलीतील त्या बाई आता मंडळीच्या डब्याची किल्ली सांभाळतात. त्यांनी आम्हांस त्या दिवसांविषयी कधी एक शब्दही ऐकविला नाही. गेल्या पावसाळ्यात एका मजुराचे घर बंद दिसले, तेव्हा त्या आमच्या आधी तेथे जाऊन पोहोचल्या होत्या.